घारीचें घरटें आणि दोन अभंग

संतवाङ्मयांतील पक्ष्यांविषयीं लिहितांना आमचे टीकाकार चातक, चकोर आणि हंस यांच्यापाशीं फार रेंगाळतात. हे तिघेही संस्कृत काव्याच्या घरचे पाहुणे. मराठींत येतांना ते आपले संकेत बरोबर घेऊन आले. चकोर चांदण्यावर जगतो किंवा हंस दुधांतून पाणी वेगळें करितो, हें कोणी झाडाखालीं उभें राहून पडताळीत नाहीं, आणि पडताळावें अशी अपेक्षाही नसते. घारीची गोष्ट निराळी. ती पोथींतून आलेली नाहीं, डोक्यावरच्या आकाशांतून आलेली आहे. ती आजही तेथेंच असल्यामुळें तिच्यावरचा अभंग आणि ती स्वतः यांना एकाच वेळीं समोर ठेवून वाचतां येतें.

आमच्या डोळ्यांपुढें दोन अभंग आहेत. पहिला नामदेवांचा. त्यांत पक्षीण सकाळीं चाऱ्यासाठीं निघून गेली आहे आणि मागें पिलूं उपाशी वाट पाहत आहे. दुसरा जनाबाईच्या नांवावर सर्वत्र गायिला जातो. त्यांत दूरवर गेलेला पक्षी आहे, मग आकाशांत फिरतां फिरतां पिलांकडे झेपावणारी घार, मग कामांत गुंतलेली आई, आणि शेवटीं पोटाशीं पिलूं घेऊन झाडावर हिंडणारें वानर. नामदेवांचें जन्मस्थान परंपरा हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें मानते. जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडची. (हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं परभणींतूनच निघाला.) विसोबा खेचरांची कथा ज्या देवळांत घडली तें औंढा नागनाथही याच जिल्ह्यांत आहे. कयाधूच्या कांठचें हें मोकळें, उघड्या आभाळाचें रान दोघांनाही परकें नव्हतें, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

जनाबाईच्या अभंगांतील क्रमाकडे जितकें लक्ष जावयास हवें तितकें जात नाहीं. चार दृष्टांत म्हणजे एकाच अर्थाची चार वेळां केलेली पुनरुक्ति, असें समजून कीर्तनकार पुढें सरकतात. वस्तुतः त्या चारांत अंतर सारखें कमी होत जातें. पहिला पक्षी दिसेनासा झालेला आहे. घार दूर आहे, पण दिसते. आई घरांतच आहे. वानराचें पिलूं तर अंगालाच चिकटलेलें. माउली क्षितिजापासून पोटापर्यंत येते आणि मगच विठ्ठलाचें नांव येतें. या उतरंडींत घारीची पायरी मोक्याची आहे, कारण दूर असणें आणि लक्ष असणें या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं दिसाव्यात असें तेथेंच घडतें.

हें खरोखर तसेंच घडतें काय? पाहण्यासाठीं अरण्यांत जावें लागत नाहीं. कोणत्याही जिल्ह्याच्या गांवीं, बागेंतल्या एखाद्या जुन्या उंच झाडाच्या बेचक्यांत, हिवाळ्यांत घारीचें काटक्यांचें घरटें दिसतें. त्यांत चिंध्या, कागद, दोऱ्या आणि हल्लीं प्लॅस्टिक असें वाटेल तें कोंबलेलें असतें. शेक्सपिअरच्या एका नाटकांतील भुरटा चोरसुद्धां घारीच्या घरबांधणीच्या दिवसांत धुणें सांभाळा असें बजावतो, म्हणजे ही खोड जुनी आणि सर्वदेशीय आहे. अंडीं बहुधा दोन किंवा तीन. सुमारें महिनाभर उबवण. आणि त्यानंतर पिलूं घरटें सोडीपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे. बागेंतल्या बाकावर रोज अर्धा तास बसणाऱ्या मनुष्यास या काळांत बरेंच कांहीं कळतें. दिल्लींत झालेल्या अलीकडील अभ्यासांत असें आढळलें, कीं ज्या वस्त्यांत लोक घारींना मांस घालतात तेथें त्या दाटीनें घरटीं करितात आणि घरट्याजवळ आलेल्या माणसावर अधिक त्वेषानें झडप घालतात. वर संथ घिरट्या घालणाऱ्या घारीचें लक्ष खालीं असतें, हें अशी झडप ज्याच्या डोक्यावर आली त्याला निराळें सांगावें लागत नाहीं.

परंतु पाहणारा थोडा चिकाटीचा असेल तर त्याला आणखी एक गोष्ट दिसेल आणि ती पाहून तो क्षणभर गोंधळेल. पिलें लहान असतात तेव्हां मादी बहुतेक घरट्यावरच असते. शिकार आणतो तो नर. मादी ती घेऊन तिचे बारीक तुकडे करून पिलांच्या चोचींत देते. पुढें पिलें वाढलीं म्हणजे दोघेही बाहेर पडतात. म्हणजे आरंभींच्या आठवड्यांत आकाशांत हिंडणारी ती घार, जिच्यावर सारें मातृत्व आपण अर्पण केलें, ती पुष्कळदां बाप असते! मग अभंग चुकला काय?

आमच्या मतें चुकला नाहीं. उलट येथेंच तो फार खोल जातो. ससाणा पुल्लिंगी, घार स्त्रीलिंगी आणि गिधाड नपुंसकलिंगी, हा निवाडा व्याकरणाचा, पक्ष्यांचा नव्हे. मराठीनें घारीच्या नराला ‘ती’ म्हटलें आणि त्याचें कष्ट आईच्या खात्यावर लिहिलें. संतांनीं विठ्ठलाच्या बाबतींत जाणून बुजून हेंच केलें. कटीवर हात ठेवून उभा असलेला पुरुषदेव त्यांनीं ‘माउली’ केला. जनाबाईनें घारीचा नर ओळखला होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण पुरुष असून आईचें काम करणाऱ्या देवाला तिनें जी उपमा दिली, ती निसर्गांत इतकी तंतोतंत बसावी, यांत निरीक्षणाइतकाच भाषेचाही वांटा आहे.

नामदेवांच्या पिलाकडे मात्र आम्हांस अधिक गंभीरपणें पाहावेंसें वाटतें. शेवटीं नामदेव केशवाला विनवितात, कीं मला अनाथाला दूर लोटूं नकोस. जी पक्षीण पिलासाठींच चारा शोधीत आहे तिच्याविषयीं ही भीति कां? सात्त्विक विवेचनांत याचें उत्तर ‘भक्ताची आर्तता’ या दोन शब्दांत संपतें. घारीच्या घरट्यांत तें अधिक कठोर मिळतें. तेथें अंडीं एकाच दिवशीं फुटत नाहींत. थोरलें पिलूं धाकट्याहून कांहीं दिवसांनीं मोठें असतें, तेंच पुढें सरसावून घास घेतें, आणि अन्न कमी पडलें कीं धाकटें मागें पडून मरतें. आई निर्दय नसते. मान वर करणाऱ्या चोचींत ती घास घालते, एवढेंच. नामदेवांनीं आपल्या पक्षिणीचें नांव सांगितलेलें नाहीं, म्हणून ती घारच असा हट्ट आम्ही धरणार नाहीं. पण वाट पाहणाऱ्या पिलाला आपली पाळी येईल याची खात्री नसते, हें ज्यानें घरट्यांत पाहिलें त्याला ती विनवणी अलंकार वाटणार नाहीं.

आणखी एक गोष्ट आमचे विवेचक झांकून ठेवितात. घार पिलांना भरविते तें मांस असतें, आणि तें पुष्कळदां दुसऱ्या कोणाचें पिलूं असतें. अंगणांतल्या कोंबडीचीं पिलें घारीपासून राखणाऱ्या बायकांना हें पक्कें ठाऊक होतें. तरीही जनाबाईनें घारच निवडली. पाठ्यपुस्तकी विवरणांत तिचा नुसता ‘पक्षी’ होतो आणि उपमेचें नख निघून जातें. या पक्ष्यांना केवळ शिवी म्हणून वापरणें ही दुसरी सोय. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ या १९७० सालीं रंगभूमीवर आलेल्या नाटकाचें सामर्थ्य आम्हांस मान्य आहे, परंतु त्या शीर्षकांतलें गिधाड माणसाच्या अधाशीपणाचें नांव आहे, पक्ष्याचें नव्हे. खरें गिधाड वर्षाकांठीं एकच पिलूं वाढवितें, आणि तेंही नर-मादी मिळून. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधानें तीं मेलीं आणि २००६ सालीं त्या औषधाचा गुरांसाठीं वापर बंद झाला, तोंवर आपल्या आकाशांतून तीं जवळजवळ गेलींच होतीं.

पाहण्याचा हा छंद वाङ्मयांत कसा उतरतो, याचा एक परकी नमुना येथें तपासण्याजोगा आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला लागून एका श्रीमंत इमारतीच्या कंगोऱ्यावर तांबड्या शेपटीच्या एका ससाण्यानें घरटें केलें. बागेंत दुर्बिणी लावून बसणाऱ्यांची एक मंडळीच तयार झाली आणि तिच्यावर मेरी विन यांनीं १९९८ सालीं ‘रेड-टेल्स इन लव्ह’ हें पुस्तक लिहिलें. पुढें डिसेंबर २००४ मध्यें इमारतीच्या मालकांनीं घरटें काढून टाकलें, तेव्हां रस्त्यावर निदर्शनें झालीं आणि त्याच महिन्यांत घरट्याचा आधार परत बसवावा लागला. पुस्तक प्रेमळ आहे, पाहणी कसोशीची आहे. पण ससाण्याला ‘पेल मेल’ हें नांव आणि त्याच्या संसाराला प्रणयकथेचें वळण देऊन लेखिकेनें पक्ष्याला माणसाच्या पंगतीस बसविलें. आमच्या दोन्ही संतांनीं उलट केलें. ते स्वतः घरट्यांत जाऊन बसले आणि पिलें झाले.

मात्र दोघे एकाच घरट्यांत बसले नाहींत. जनाबाईच्या अभंगांत घार झेपावून आलेली आहे. नामदेवांच्या अभंगांत पक्षीण सकाळीं गेली ती अभंग संपेपर्यंत परतत नाहीं. ज्या दामाशेटीच्या घरीं एकानें मूल म्हणून आणि दुसरीनें दासी म्हणून दिवस काढले, त्या घरांत दासीच्या पदरीं भरवसा आणि मुलाच्या पदरीं धास्ती कशी आली, हा प्रश्न हे अभंग शेजारीं ठेविल्यावांचून सुचत नाहीं. पुढील आवृत्तिकारांनीं ते समोरासमोरच्या पानांवर छापावेत आणि खालीं घारीविषयीं चार ओळींची टीप द्यावी.