‘पुंज’ आणि ‘कलाप’ : एका समीकरणाची चिकित्सा

धम्मविषयक लेखनात आणि व्याख्यानांत एक समीकरण वारंवार आढळते : अभिधम्मातील ‘रूपकलाप’ म्हणजेच भौतिकशास्त्रातील ‘क्वांटम’. बुद्धवचनाचा गौरव व्हावा, हा त्यामागील हेतू असतो. तथापि दोन्ही संज्ञांचे अर्थ तपासले असता हे समीकरण टिकत नाही, असे आमचे मत आहे.

‘क्वांटम’ हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘किती’. माक्स प्लांक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिन येथे तप्त वस्तूच्या प्रारणाची उपपत्ती मांडताना ऊर्जा ठरावीक हिश्शांत मोजली. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी हाच विचार प्रकाशास लावला. हिश्शाचे मान कंप्रतेनुसार बदलते : ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या प्रकाशाचा हिस्सा ७०० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या हिश्शाच्या पावणेदोनपट असतो. म्हणजे क्वांटम हा सर्व पदार्थांचा एकसारखा, लहानात लहान कण नव्हे. ते ऊर्जेच्या देवघेवीचे परिमाण होय.

‘कलाप’ म्हणजे जुडी, समूह. आचार्य अनुरुद्धांच्या अभिधम्मत्थसङ्गहानुसार शुद्धाष्टक कलापात पठवी, आपो, तेजो, वायो, वर्ण, गंध, रस आणि ओजा ही आठ रूपे एकत्र उत्पन्न होतात व एकत्रच निरुद्ध होतात. येथे कंप्रता नाही, ऊर्जेचे गणित नाही. ‘हे रूप माझे’ हा ग्रह सुटावा, यासाठी केलेले हे विश्लेषण आहे.

मराठी परिभाषेमुळे गोंधळ वाढतो. क्वांटमसाठी आपल्याकडे ‘पुंज’ हा शब्द रूढ आहे. पालीत ‘पुञ्ज’ म्हणजे रास. संयुत्तनिकायातील भिक्खुनी वजिरा सत्त्वाला केवळ संस्कारांचा पुञ्ज मानते. रास उलगडली की ‘सत्त्व’ म्हणून वेगळे काही उरत नाही. पालीतील पुञ्ज उलगडण्यासाठी आहे. भौतिकीतील पुंजाची मात्र अर्ध्याने देवघेव होत नाही. शब्द एक, अर्थाची दिशा विरुद्ध.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. ग्रंथात आहे म्हणून, किंवा वक्ता अधिकारी वाटतो म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. प्रयोगशाळेचा अधिकार उसना घेऊन धम्म पटवणे, हा त्याच दोषाचा नवा प्रकार होय. उद्या भौतिकीने आपली उपपत्ती सुधारली, तर अनित्यतेचे प्रतिपादनही मागे घ्यावयाचे काय? अभ्यासकांनी तुलना अवश्य करावी. समीकरण मात्र मांडू नये. दुःखनिरोधाची कसोटी आचरणात आहे, आणि ती तेथेच पुरेशी आहे.