पास्त्याचे सामान्यरूप : कुडाळच्या स्वयंपाकघरातील इटालियन पदार्थांचे लेखन, उच्चार व रूपांतर

प्रस्तावना

परभाषेतील एखादा शब्द मराठीत स्थिरावला की नाही, हे ओळखण्याची एक साधी कसोटी व्याकरणाने देऊन ठेवली आहे. विभक्तिप्रत्यय लागताना त्या शब्दाचे सामान्यरूप होते किंवा नाही, एवढेच पाहावयाचे. ‘बटाट्याची भाजी’ असे म्हणताना हा शब्द पोर्तुगिजांबरोबर या किनाऱ्यावर आला, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. ‘पास्ता’ या शब्दाचे तसे झालेले नाही. खाद्यपदार्थांच्या यादीवर बोट ठेवून बोलताना ‘पास्तामध्ये काय काय आहे’ असे विचारले जाते. चुलीपाशी उभी असलेली गृहिणी मात्र ‘पास्त्यात मीठ कमी पडले’ असे सहज म्हणून जाते. एकाच घरात, कित्येकदा एकाच तोंडी ही दोन्ही रूपे ऐकू येतात. कुडाळसारख्या तालुक्याच्या गावातील घरगुती पाककृतींत इटालियन पदार्थ कसे लिहिले जातात, कसे उच्चारले जातात आणि शिजताना त्यांचे काय होते, याचा विचार या दोन रूपांपासून सुरू करणे सोयीचे आहे.

या विषयावर बोलताना सहसा चुका काढल्या जातात. उच्चार चुकीचा, चीज चुकीचे, मसाला चुकीचा असा निवाडा होतो, आणि मुंबईहून गणपतीला किंवा मे महिन्यात आलेला एखादा भाचा आपल्या मामीला ‘मामी, ते तसं म्हणत नाहीत’ असे सर्वांदेखत सांगून मोकळा होतो. मामी ओशाळते, आणि पुढच्या वेळी त्या पदार्थाचे नावच घेत नाही. ‘ते तुमचं पांढऱ्या सॉसचं’ असे म्हणते. हा निवाडा कोणत्या आधारावर होतो, हे तपासले पाहिजे.

लेखन आणि उच्चार

घरगुती वह्यांत व मराठी पाककृतींत ‘स्पॅगेटी’, ‘स्पगेटी’, ‘स्पघेटी’, ‘मॅकरोनी’, ‘मॅक्रोनी’, ‘लझानिया’, ‘लसाग्ना’, ‘लझान्या’ अशी रूपे शेजारी शेजारी नांदतात. वरवर पाहता हा गोंधळ वाटतो. परंतु त्याला कारण आहे. हे शब्द मराठीत इटलीहून आलेले नाहीत. ते इंग्रजी वेष्टनावरून, रोमन लिपीतून आले आहेत. ‘स्पघेटी’मधील ‘घ’ हा रोमन ‘जी’ आणि ‘एच’ या जोडाक्षराचा मराठी सवयीने केलेला अर्थ आहे. इटालियनमध्ये तो ‘एच’ महाप्राण दाखवीत नाही. पुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आला असता ‘ग’ मृदू होऊन त्याचा ‘ज’ होऊ नये, एवढ्यासाठीच तो तेथे असतो. ‘लसाग्ना’ हेही अक्षरशः वाचन आहे. तेथील जोडाक्षराचा उच्चार ‘ञ’च्या जवळ जातो, म्हणून ‘लझान्या’ हे रूप कानाला अधिक प्रामाणिक ठरते. त्यातील ‘झ’ की ‘स’ हा वाद तर खुद्द इटलीतही उत्तर-दक्षिणेत वेगवेगळा सुटतो. ‘मॅकरोनी’वरील अर्धचंद्र हा इंग्रजीच्या दारातून आल्याचा शिक्काच होय, कारण तो स्वर इटालियनमध्ये नाही.

गंमत अशी की, ज्या ध्वनींसाठी इंग्रजीला कसरत करावी लागते, ते मराठी जिभेला जन्मतः ठाऊक आहेत. इटालियन ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत. इंग्रजीच्या मध्यस्थीमुळे त्यांचा मराठीत ‘ट’ आणि ‘ड’ होतो. ‘पास्ता’ तेवढा या मध्यस्थीतून ‘त’ राखून सुटला. ‘स्पॅगेटी’ आणि ‘रिसोटो’ सुटले नाहीत. द्वित्त व्यंजनाचेही असेच आहे. ‘गडी’ आणि ‘गड्डी’ यांतील भेद मराठी लहान मूलही चुकवीत नाही, तरी ‘पेन्ने’ मात्र सर्रास ‘पेने’ असा लिहिला जातो. (एकेरी ‘न’ने इटालियनमध्ये भलताच शब्द तयार होतो, हे सांगणाऱ्याने थोडे जपूनच सांगावे.) सर्वांत बोलके उदाहरण ‘पिझ्झा’चे आहे. इटालियन उच्चार साधारण ‘पित्सा’ असा होतो. त्यातील ‘त्स’ म्हणजे ‘चव’ आणि ‘चूल’ या शब्दांतील मराठीचा दंततालव्य ‘च’. प्रमाण हिंदीत तो नाही, मराठीत आहे. तरीही मराठीने ‘झ’ घेतला, कारण इंग्रजी वर्णमालेतील शेवटचे अक्षर समोर होते.

मात्र येथून ‘मूळ उच्चारच शुद्ध’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ‘बटाटा’ हेच त्याला उत्तर आहे. पोर्तुगीज शब्दातील ‘त’ दंत्यच होता. शब्द कानावाटे, बाजारातून आला, वेष्टनावरून नव्हे. तरी मराठीने त्याचे दोन्ही ‘त’ मूर्धन्य केले आणि त्याबद्दल आजवर कोणाला खंत वाटलेली नाही. ‘पाव’ने आपले अनुनासिक सोडले. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखनविषयक नियमांनुसार शब्दान्तीचा इकार दीर्घ लिहावयाचा. त्यामुळे ‘स्पॅगेटी’चा अन्त्य स्वर मूळात ऱ्हस्व असो वा नसो, मराठीत तो दीर्घच लिहिला जाणार. शब्द ज्या घरात येतो त्या घराचे नियम पाळतो. आक्षेप घ्यावयाचा तो मामीच्या उच्चारावर नव्हे. इंग्रजीचे नियम इटालियनचे म्हणून तिच्यावर लादणाऱ्या आत्मविश्वासावर घ्यावा लागेल.

लिंग आणि वचन यांकडे पाहिले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ‘पास्ता’ इटालियनमध्ये स्त्रीलिंगी आहे. मराठीने त्याचा आकारान्त शेवट पाहून तो पुल्लिंगी केला. ‘स्पागेत्ती’ इटालियनमध्ये अनेकवचनी. मराठीत ‘ती स्पॅगेटी’ एकवचनी स्त्रीलिंगी झाली. वास्तविक मराठीची स्वतःची जाणीव इटालियनसारखीच आहे. शेवया, शिरवाळे, गव्हले, मालत्या ही सर्व नावे अनेकवचनीच वापरली जातात. एक शेवई कोणी खात नाही. नावे ठेवण्याची रीतही एकच आहे. इटालियन गृहिणीने पिठाच्या तुकड्यांना ‘छोटे कान’, ‘छोट्या जिभा’, ‘फुलपाखरे’ म्हटले. मराठी गृहिणीने नखाने दाबलेल्यांना नखुले, बोटाने वळलेल्यांना बोटवे म्हटले, आणि फणुल्यांच्या नावात फणी आहे. इटलीतील रोमान्या भागात ‘गार्गानेल्ली’ हा प्रकार फणीसारख्या दातेरी साधनावर वळतात. परस्परांस अपरिचित अशा दोन स्वयंपाकघरांनी एकाच प्रकारे विचार केल्याची ही साक्ष आहे. पास्त्याचे आकार शिकविणाऱ्या मराठी पाककृतींत या शब्दसंपत्तीचा उल्लेख क्वचितच आढळतो, ही त्यांतील मोठी उणीव मानावी लागेल.

रूपांतर

‘अभिजात’ पदार्थ बिघडविले जातात, ही तक्रार ऐकताना त्या अभिजाततेचे वयही विचारात घ्यावे. वाळवून परदेशी पाठविल्या जाणाऱ्या शेवयांसारख्या पदार्थाचे सिसिलीतील वर्णन अल्-इद्रिसी या भूगोलवेत्त्याने 1154 मध्ये केले आहे. पण टोमॅटो अमेरिकेतून आला आणि पास्त्याशी त्याची जोडी जमली ती त्यानंतर कित्येक शतकांनी. ‘कार्बोनारा’ची नोंद तर दुसऱ्या महायुद्धापूर्वी आढळत नाही. कुडाळच्या घरात पास्ता ‘लाल’ आणि ‘पांढरा’ अशा दोन जातींत विभागला जातो, याचे हसू येण्याचे कारण नाही. घाटापलीकडे कोल्हापुरात तांबडा आणि पांढरा रस्सा याच रीतीने ओळखला जातो. रंगावरून रस ओळखणे ही या भागाची जुनी सवय आहे.

शिजविण्यात मात्र खरा मतभेद आहे. इटालियन पास्ता ‘अल देन्ते’, म्हणजे दातांना लागेल इतपत शिजवावा, अशी अपेक्षा असते. मराठीत शिजल्याची परीक्षा बोटांनी होते. डाळ, भात, बटाटा बोटचेपा झाला की शिजला. भाताला कणी राहणे हा दोष. (‘बोटचेपे धोरण’ मात्र मराठीला आवडत नाही, हा भाग वेगळा.) इटालियन स्वयंपाकात जी कणी राखावयाची, तीच येथे घालवावयाची असते. म्हणून कुडाळच्या घरातील मऊ पास्ता हे अज्ञानाचे फळ नसून वेगळ्या परीक्षेत मिळविलेले यश आहे, असे म्हणता येईल. प्रेशर कुकरमध्ये कांदा, टोमॅटो आणि मालवणी मसाल्यासह शिट्ट्या देऊन केलेल्या मॅकरोनीला मात्र हे समर्थन लागू पडत नाही. कोकणात भात भरपूर पाण्याच्या आधणात शिजवून वेळण्याची पद्धत आहे, आणि वेळलेले पाणी टाकून न देता पेज म्हणून पिण्याची. इटालियन रीतही नेमकी हीच : शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ, आणि काढलेल्या पिठूळ पाण्यातील थोडे रस मिळून येण्यासाठी राखून ठेवावयाचे. पेजेचे मोल जाणणाऱ्या घरात ते पाणी मोरीत ओतले जाते, याची खंत वाटते. ‘रुचिरा’पासून (1970) घरोघरी रुजलेले वाटी-चमच्याचे मापही येथे अपुरे पडते; पोकळ पेन्नेची वाटी आणि रव्याची वाटी यांत वजनाचा मेळ नसतो.

काही बदल मात्र मुळापेक्षा कमी प्रतीचे नाहीत. ‘पेस्तो’ हा शब्द कुटण्या-वाटण्याच्या इटालियन क्रियापदापासून आला आहे. म्हणजे ते वाटण, मालवणी बोलीत वाटप. त्यातील चिलगोज्यासारख्या बियांच्या जागी येथील काजूगर येतो, तेव्हा स्निग्धता टिकते आणि खर्च आवाक्यात राहतो. पानांचा प्रश्न अवघड आहे. वृंदावनातील तुळस वाटण्यास हात धजत नाही, म्हणून कोथिंबीर घेतली जाते आणि पदार्थ हिरव्या चटणीकडे झुकतो. वास्तविक इटालियन ‘बाझिलिको’ ही तुळशीची चुलत जात म्हणजे आपला सब्जाच; फालुद्यात ज्याचे बी पडते त्याचीच पाने हवी असतात.

सर्वांत खटकते ते निवडीतील दारिद्र्य. नेपल्सच्या परिसरातील ‘व्होंगोले’ हा पदार्थ म्हणजे तिसऱ्या, लसूण, ऑलिव्ह तेल, थोडी वाइन आणि स्पागेत्ती. त्यावर चीज घालत नाहीत. कर्लीच्या खाडीकडून तिसऱ्या जेथे बाजारात येतात, त्या गावात हा पदार्थ घरोघरी व्हावयास हवा होता. वाइनऐवजी दोन सोलांचा आंबटपणा त्याला पुरेसा होता. पण पाकीट मैद्याचा पांढरा सॉस आणि चीज सांगते, आणि पाकिटावर जे नाही ते इटालियन नाही अशी समजूत होऊन बसते. तिसऱ्यांचे सुके शेगडीच्या एका बाजूला आणि चीजचा पास्ता दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी आहे.

याच घरांतून उकडलेल्या तांदळाच्या पिठाचे गोळे गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबून शिरवाळे पाडले जात. एकाने साचा धरावा, दुसऱ्याने भार द्यावा, आणि नारळाच्या गुळमट रसात ते वाढावेत. कोणी ‘शिरवळे’ लिहितो, कोणी ‘शिरवाळे’. त्यावरून कोणी कोणाला ओशाळवीत नाही. अलीकडे पाहुण्यांना समजावे म्हणून त्यांची ओळख ‘राइस नूडल्स’ अशी करून दिली जाते. शिरवाळ्यांना, शिरवाळ्यांत, शिरवाळ्यांचा अशी रूपे ज्या शब्दाला सहज होतात, त्याच्या जागी ‘राइस नूडल्सला’, ‘राइस नूडल्समध्ये’ ऐकू येऊ लागते. आणि ते म्हणणारी तीच मामी असते, जी चुलीपाशी ‘पास्त्यात’ म्हणते.