लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या अळ्यांची ओळख : लक्षणांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न

लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे वर्गीकरण क्रेगहेड यांच्या १९२३ च्या उत्तर अमेरिकी अळ्यांवरील ग्रंथाने दृढ पायावर आले. भारतीय अभ्यासकाला मात्र डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील गार्डनर यांची वर्णने आणि डफी यांचा पौर्वात्य जातींवरील १९६८ चा ग्रंथ हेच अधिक जवळचे आधार होत. या परंपरेचे ऋण मोठे आहे. परंतु तिच्या ओळखतक्त्यांचा वापर ज्या निःशंकपणे केला जातो, तो तपासून पाहण्याजोगा आहे. तक्ता पायरीपायरीने चालतो. पहिल्या पायरीवरचे लक्षण चुकीचे वाचले गेले, की पुढची सारी काळजी वाया जाते.

आंब्याचेच उदाहरण घ्यावे. जिवंत खोड पोखरणारा भिरूड, म्हणजे बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा, हा लॅमिइनी उपकुलातील. तर वाळलेल्या नाना प्रकारच्या लाकडांत वाढणारा स्ट्रोमॅटियम बार्बाटम हा सेरँबिसिनी उपकुलातील. पहिल्याच्या अळीला पाय नसतात, जबड्याचे टोक तिरपे व अणकुचीदार असते. दुसरीला चिमुकले पाय असतात आणि जबड्याची धार गोलसर असते. कागदावर हा भेद निर्विवाद दिसतो. प्रत्यक्षात जबडा लाकडावर झिजतो व कात टाकण्यापूर्वी बोथट होतो; पाय इतके सूक्ष्म असतात की ते घाईत सहज नजरेतून सुटतात. यापेक्षा डोक्याचा आकार अधिक भरवशाचा. लॅमिइनी अळीचे डोके रुंदीपेक्षा लांब, बाजूंनी समांतर आणि अग्रवक्षात खोल ओढलेले असते. सेरँबिसिनीत ते आडवे, रुंद असते. ही घडण झिजत नाही. तरीही, अग्रवक्ष कापून डोके मोकळे करण्याचे कष्ट टाळून जबड्यावरच निर्णय दिला जातो, हे खेदजनक होय.

यजमान वृक्षावरून केलेली ओळख तर सर्वांत दुबळी. आंब्यातच बॅटोसेरा रुबस ही दुसरी जातही आढळते. या दोहोंच्या अळ्यांत भेद करावयाचा, तर अग्रवक्षाच्या पृष्ठपट्टावरील सूक्ष्म खडबडीतपणा बारकाईने पाहावा लागतो; आणि नेमके तेच लक्षण जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकल्याने काळवंडून नष्ट होते. आधी उकळत्या पाण्यात बुडविण्याचा साधा संस्कार येथे निर्णायक ठरतो.

आज डीएनए-अनुक्रमाने अळी व प्रौढ यांची सांगड घालता येते. मात्र तुलनेचा अनुक्रम ज्या प्रौढाचा, त्याची ओळख अचूक असावी लागते. आणि ती अखेर बाह्य लक्षणांवरूनच झालेली असते.