तिरकी रेघ आणि हरवलेल्या फाईली

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि औंढा नागनाथला जाणाऱ्या पत्रांवर 'जि. परभणी' ऐवजी 'जि. हिंगोली' असे लिहावे लागले. समजा, एखाद्या कचेरीत पत्त्यांची जुनी यादी संगणकावर होती आणि तेथील कारकुनाने सरसकट 'परभणी' काढून 'हिंगोली' घाला अशी आज्ञा दिली. वसमत, कळमनुरी, सेनगावची पत्रे बिनचूक पोचली असती. जिंतूर आणि गंगाखेडची मात्र भलतीकडे गेली असती, कारण ते तालुके परभणीतच राहिले. 'परभणी रस्ता, हिंगोली' असा पत्ता असणाऱ्या गृहस्थाचा रस्ताही बदलला असता. शब्द बदलण्याआधी तो पत्त्यातल्या कोणत्या जागी आहे, हे पाहायला हवे होते.

हीच चूक संगणकाच्या आज्ञावल्यांत रोज होत असते. ती करायला शिकवणारी पुस्तकेही बाजारात आहेत, म्हणून हा लेख.

संगणकात फाईलला पत्ता असतो. तो आपल्या टपालाच्या पत्त्याच्या उलट, मोठ्याकडून लहानाकडे लिहितात: आधी मूळ जागा, मग डिरेक्टरी, तिच्या पोटातली डिरेक्टरी आणि शेवटी फाईल. दोन नावांच्या मध्ये एक खूण घालतात. युनिक्स व तिच्या कुळातल्या लिनक्समध्ये ही खूण साधी तिरकी रेघ '/' आहे, तर डॉस व विंडोजमध्ये उलटी तिरकी रेघ '\'. मॅकिन्टॉशवर २००१ साली नवी प्रणाली येईपर्यंत विसर्गासारखी दिसणारी ':' ही खूण चाले.

विंडोजची रेघ उलटी का, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर मजेदार आहे. १९८१ साली डॉसची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यात पोट-डिरेक्टऱ्या नव्हत्याच. साधी तिरकी रेघ आज्ञेला पुरवणी सूचना जोडण्यासाठी वापरली जात असे. 'डिर' लिहून पुढे '/डब्ल्यू' जोडले की फाईलींची नावे आडव्या रांगांत दिसत, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टऱ्यांचे झाड आले, तोवर साधी रेघ अडकून पडलेली होती. म्हणून उलटी घेतली. एका छोट्या सोयीचे ओझे आपण चाळीस वर्षे वाहतो आहोत. गंमत अशी की विंडोजच्या गाभ्याला साधी रेघही बहुतेक ठिकाणी चालते. अडून बसते ती मुख्यतः काळ्या पडद्यावरची आज्ञा-खिडकी.

आता आक्षेपाकडे येऊ. विंडोजवर लिहिलेली आज्ञावली लिनक्सवर चालवायची असेल तर पत्त्यातली प्रत्येक उलटी रेघ बदलून सुलटी करा, एका ओळीचे काम आहे, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला सोपा आहे आणि अर्धवट आहे. विंडोजचा पत्ता 'सी:' अशा तबकडीच्या अक्षराने सुरू होतो. रेघा उलटवल्या तरी हे 'सी:' जागच्या जागी राहते. लिनक्सला तबकड्यांची अक्षरे ठाऊक नाहीत. तिच्या दृष्टीने 'सी:' हे एखाद्या डिरेक्टरीचे साधेसुधे नाव आहे. आज्ञावली फाईल वाचत असेल तर निदान 'सापडत नाही' असा संदेश येतो. पण ती लिहीत असेल आणि नसलेल्या डिरेक्टऱ्या आपोआप तयार करत असेल, तर ती 'सी:' नावाची खरीखुरी डिरेक्टरी बनवून तिच्यात सगळा मजकूर ठेवते. कोठेही तक्रार होत नाही. विद्यार्थी मात्र इसापूर धरणाच्या पाणीपातळीचे आकडे भलतीकडेच शोधत बसतो.

उलट दिशेने हा उपाय आणखी वाईट. लिनक्समध्ये फाईलच्या नावात दोनच गोष्टी वर्ज्य आहेत: साधी तिरकी रेघ आणि शून्य मूल्याचे अक्षर. उलटी रेघ नावाचा भाग असू शकते. विंडोजवर नेताना तिच्यामुळे एका नावाची दोन नावे होतात. मग मूळ पत्ता परत मिळवायचा कसा? मिळत नाही, कारण कोणती रेघ मूळची आणि कोणती बदललेली याची नोंदच उरत नाही.

त्याच पुस्तकांत दुसरी एक खोड दिसते. उदाहरणांतले पत्ते अवतरणचिन्हांत जसेच्या तसे छापलेले असतात. सी, पायथन अशा अनेक भाषांत उलट्या रेघेला स्वतःचा अर्थ आहे. तिच्यापुढे लहान 'एन' आला की नवी ओळ, लहान 'टी' आला की मोकळी जागा. डिरेक्टरीचे नाव 'न्यू' किंवा 'टेस्ट' असेल तर पत्त्याचे दोन तुकडे होतात, आणि 'डेटा' असेल तर पायथनमध्ये काही होत नाही. पोराला वाटते, संगणक लहरी आहे. असे वाटू देणे हा विज्ञानशिक्षणातला मोठा दोष आहे असे मला वाटते. एका नावाने चालते आणि दुसऱ्याने अडते याला कारण आहे, आणि ते पाच मिनिटांत सांगता येते.

हे सगळे हिंगोलीच्या संदर्भात लिहिण्याचे कारण केवळ पत्त्याचे उदाहरण नाही. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. सुमारे २६०० कोटी रुपयांचा आणि ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंचा हा प्रकल्प आहे. पुण्याची आयुका ही त्यातल्या प्रमुख संस्थांपैकी एक. अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला तरंग टिपला. त्या नोंदींच्या फाईली सर्वांना मोफत खुल्या आहेत. जिल्ह्यातला अकरावीचा विद्यार्थी त्या आपल्या शाळेच्या संगणकावर उघडू शकतो. निदान उघडता याव्यात.

या फाईलींची नावे मुद्दाम अभ्यासण्याजोगी आहेत. नावात आधी वेधशाळेचे अक्षर येते, हॅनफर्डसाठी 'एच', लिव्हिंग्स्टनसाठी 'एल'. मग वर्णन, नोंदीच्या आरंभाची वेळ आणि किती सेकंदांची नोंद ते. पहिल्या तरंगाच्या एका फाईलच्या नावात ११२६२५९४४७ आणि ३२ असे आकडे आहेत. पहिला आकडा ६ जानेवारी १९८० पासून मोजलेल्या सेकंदांचा. दुसऱ्याचा अर्थ नोंद ३२ सेकंदांची आहे. दर सेकंदाला ४०९६ मोजमापे, म्हणजे एका फाईलीत १,३१,०७२ आकडे, आणि तरंग येतो तो साधारण पंधराव्या सेकंदाला. नावात रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि खालची रेघ एवढेच. रिकामी जागा नाही, ':' नाही.

वेळ अशी सेकंदांत लिहिणे शिक्षकांना किचकट वाटेल, आणि ते आहेच. फाईल कोणत्या दिवसाची हे पाहताक्षणी कळत नाही. तरी हा निर्णय शहाणपणाचा आहे. कोणी उत्साहाने नावात ०९:५० अशी वेळ घातली असती, तर लिनक्सवर ते चालले असते. विंडोजच्या नेहमीच्या तबकडीवर मात्र ':' च्या पुढचा भाग फाईलच्या आड दडलेला वेगळा प्रवाह समजला जातो. यादीत ':' च्या आधीच्या नावाची, शून्य आकाराची फाईल दिसते. मजकूर असतो, पण दिसत नाही. तीच फाईल पेन ड्राइव्हवर नेली की तोही जातो.

मात्र याच फाईलींच्या आत एक खोच आहे, आणि तिथे मला कौतुक आवरते घ्यावे लागते. एचडीएफ५ या प्रकारची फाईल म्हणजे आतून एक छोटे डिरेक्टरीचे झाडच असते. तिच्यातला पत्ता नेहमी साध्या रेघेने लिहायचा, मग संगणक विंडोजचा असो की लिनक्सचा. तरंगाचे आकडे 'स्ट्रेन' नावाच्या गटात 'स्ट्रेन' नावाच्याच संचात ठेवले आहेत. गटाचे आद्याक्षर लहान, संचाचे मोठे. विंडोजमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानण्याची सवय झालेला नवशिका इथे अडखळतो. त्याहून वाईट अवस्था 'नियमाने' वागणाऱ्याची. रेघ हाताने लिहू नये, प्रणालीला योग्य ती खूण घालू द्यावी, असे तो शिकलेला असतो. विंडोजवर ती उलटी रेघ घालते, आणि फाईलच्या आत तो पत्ता सापडत नाही. फाईलचा पत्ता प्रणालीचा असतो, फाईलच्या आतला पत्ता त्या फाईलप्रकाराचा असतो. झिप फाईलींतही असेच आहे: त्यांच्या प्रमाणानुसार आत साधी रेघच हवी, पण विंडोजवरच्या काही साधनांनी वर्षानुवर्षे उलटी घातली. अशी झिप लिनक्सवर काही साधनांनी उघडली की डिरेक्टऱ्यांऐवजी लांबलचक नावांच्या फाईली एका रांगेत पडतात.

मग करावे काय? पायथनमध्ये २०१४ साली आलेल्या ३.४ आवृत्तीपासून 'पाथलिब' नावाचा संच आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. त्यात विंडोजचा पत्ता व युनिक्सचा पत्ता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लिनक्सवर बसून विंडोजचा पत्ता त्यातल्या तबकडीसह, मूळ जागेसह, नावानिशी सुटा करता येतो. तबकडीला हातही लागत नाही. तालुका पाहून मग जिल्हा बदलावा, तसे हे काम. तबकडी 'डी:' असेल तर तिच्या जागी लिनक्सवरची कोणती डिरेक्टरी घ्यायची, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः ठरवायचे आणि उरलेली नावे तिला जोडायची. याच संचात 'अ‍ॅज पॉझिक्स' नावाची एक क्रिया आहे. पॉझिक्स म्हणजे युनिक्सच्या वळणाच्या प्रणालींचे प्रमाण. नावावरून वाटते की पूर्ण रूपांतर होईल. प्रत्यक्षात ती फक्त रेघा उलटवते आणि 'सी:' तसेच ठेवते. एवढ्या चांगल्या संचात असे फसवे नाव नको होते.

मराठी नावांबाबत आणखी एक गोष्ट. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातला 'ऱ' संगणकात एक अक्षर म्हणूनही साठवता येतो आणि 'र' व त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. 'र', हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह घालूनही पडद्यावर तोच 'ऱ्या' दिसतो. मॅकवरील जुनी फाईल-व्यवस्था पहिले रूप स्वतःहून दुसऱ्यात बदलत असे. विंडोज आणि लिनक्स सहसा काहीच बदलत नाहीत, त्यामुळे एकाच डिरेक्टरीत हुबेहूब एकाच नावाच्या तीन फाईली सुखाने नांदू शकतात. वर्गात करून दाखवावा असा हा प्रयोग आहे. मग पायथनला प्रत्येक नावाची लांबी विचारावी. पहिल्या रूपाची लांबी एकाने कमी येते, उरलेल्या दोन्हींची सारखीच. युनिकोडच्या सामान्यीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे वेगळेच राहते. ते आज्ञावलीत आपल्यालाच हाताळावे लागते.