सहा तासांत पोर्ट ऑफ स्पेन

‘विमान बदलतानाचे सहा तास सत्कारणी लावा’ हा आता स्वतंत्र वाङ्मयप्रकारच झालाय. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनवरचं असलं एक प्रकरण मी बँकेतल्या सवयीनं लाल पेन्सिल घेऊन वाचलं. पियार्को विमानतळापासून शहर पंचवीसेक किलोमीटर. पण वाटेतली मोटारींची रांग लेखकानं खर्ची टाकलेलीच नाही! भलंमोठं सव्हाना मैदान अर्ध्या तासात, त्याच्या कडेचे सात वाडे दहा मिनिटांत आणि क्वीन्स पार्क ओव्हल ‘बाहेरूनच’. अहो, त्याच ओव्हलवर 1971 साली सुनील गावसकरनं दाढदुखी सोसत एका कसोटीत 124 आणि 220 धावा काढल्या. मुक्काम ठोकणाऱ्याचं ते मैदान धावत्या टॅक्सीतून बघायचं?

एक सल्ला मात्र मान्य: विमानतळापाशी ‘डबल्स’ खावेत. दोन मऊ ‘बारा’, मधे रसदार चणे. 1845 पासून करारावर तिथं गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांची ही देणगी. त्या मजुरांतले बहुतेक परत आलेच नाहीत. त्यांचा थांबा कायमचाच झाला. प्रकरणात डबल्सची किंमत आहे, या माणसांबद्दल ओळ नाही. जमाखर्च जुळतो, पण मुख्य खातंच उघडायचं राहिलंय.