लेबलावरचं 'अहमदनगर'

मंडळी, आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, वनस्पतिशास्त्रात आमचा अधिकार नाही. पण हर्बेरियममधला कागद, म्हणजे त्यावर डकवलेलं वाळकं रोप आणि कोपऱ्यातलं लेबल, हा पुरावाच. पुरावा म्हणून तो आम्हाला थोडा अपुरा वाटतो.

ॲनागॅलिस आर्वेन्सिस घ्या. मूळची युरोपाकडची, आपल्याकडे रब्बीच्या रानात उगवणारी. नाव लिनियसचं, १७५३ चं. २००९ साली तिला लायसिमॅकिया या प्रजातीत हलवलं. अशा वेळी जुनं लेबल खोडत नाहीत. नव्या नावाची चिठ्ठी शेजारी डकवतात. ही रीत आम्हाला फार आवडते. २०२४ मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला, तरी जुन्या लेबलावर 'अहमदनगर' तसंच राहायला हवं.

पण नुसतं 'अहमदनगर' म्हणजे कुठे हो? शहरात, की १७,००० चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात? हरिश्चंद्रगडाकडे पाऊस कोसळतो, पाथर्डीकडे आभाळाकडे डोळे. शिवाय हिचं फूल लाल असतं, निळंही असतं. वाळल्यावर रंगाचा भरवसा नाही. तोडणाऱ्यानं त्याच दिवशी लिहिला नाही तर गेला. नाव मागाहून सुधारता येतं. बांध कुठला होता, हे नाही. पन्नास वर्षांनी ती तिथे उरली का, हे बघायला जायचं कुठे?