‘अधिकार’ : पदाचा आणि पात्रतेचा

मूळ ग्रीक ‘एक्सूसिआ’ या शब्दासाठी मराठी बायबलात ‘अधिकार’ हा शब्द आला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन निराळ्या परंपरा आल्या. वेदान्तात अधिकारी म्हणजे ज्ञानास पात्र झालेला साधक. कीर्तननिरूपणातही एखाद्याचा अधिकार मोठा असे म्हणताना त्याच्या पदाचा विचार कोणी करीत नाही. कचेरीतील अधिकार मात्र नेमणुकीने येतो आणि बदलीबरोबर जातो. मत्तयकृत शुभवर्तमानात येशूची शिकवण अधिकारवाणीची आहे असे लोकांना जाणवते, आणि त्याच्यापाशी तर शास्त्र्यांचे पदही नव्हते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल या अधिकाराचे प्रयोजन स्पष्ट करतो: तो मंडळीच्या उभारणीसाठी मिळालेला आहे, तिच्या नाशासाठी मिळालेला नाही. धर्माधिकाराची कसोटी लावावयाची ती येथून.

ही कसोटी मराठी ख्रिस्ती जीवनात सर्वांत कठोरपणे लावली ती पंडिता रमाबाईंनी. त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादून 1977 साली प्रसिद्ध झाला. 1883 मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर रमाबाई चेल्टनहॅमला डोरोथिआ बील यांच्या महाविद्यालयात गेल्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंचे उत्तर मार्मिक आहे. आपल्या आईच्या अथवा आपल्या अध्यापनास वडिलांनी वा पतीने कधी विरोध केला नाही, तो इंग्रज धर्मगुरूंनी करावा याचे त्यांना आश्चर्य वाटते. परंपरेचे बंधन तोडून आलेल्या स्त्रीला नव्या धर्मात आज्ञापालनाचा पाठ दिला जात होता. त्यांनी बिशपांचा मान नाकारला नाही. विवेकावरील त्यांची सत्ता नाकारली. हा भेद त्यांच्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डिन यांना अखेरपर्यंत उद्धटपणाच वाटला असावा. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ही पत्रे संकलित करून त्यांवर टिपा लिहिणाऱ्या याच जेराल्डिन होत. वादातील एक पक्ष येथे ग्रंथाचाही अधिकारी झाला आहे, आणि अभ्यासकाने त्या टिपा त्या सावधगिरीनेच वाचल्या पाहिजेत.

तथापि रमाबाईंना केवळ बंडखोर ठरविणे सोपे आणि अपुरे आहे. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात सुमारे 2,000 स्त्रिया व मुले त्यांच्या आश्रयाखाली होती, आणि तेथील शब्द त्यांचाच होता. त्या सत्तेचे समर्थन पौलाच्या कसोटीनेच करता येईल: दुष्काळातून आणलेल्या मुली तेथे वाचावयास शिकल्या, छापखाना चालवू लागल्या, आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलाचे सुलभ मराठी भाषांतर त्यांनीच छापले. ना. वा. टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला तो मार्ग याहून सरळ. पण तो दोनच वर्षांत त्यांच्या निधनाने खुंटला, म्हणून त्याची परीक्षा पुरी झाली असे आम्हांस म्हणवत नाही.

हा प्रश्न पुण्याकेडगावपुरता नाही. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातील मोलगीच्या बाजूला, मराठी ‘अधिकारी’ म्हटला की श्रोत्याच्या मनात प्रथम जंगलखात्याचा वा महसूलखात्याचा माणूस उभा राहणार. वेदान्तातील साधक तेथे कोणास ठाऊक? 2006 च्या कायद्याला तेथे वनहक्क कायदा म्हणतात, हेही सूचक आहे: ‘हक्क’ आपला, ‘अधिकार’ सरकारचा. अशा गावी मराठी शास्त्रवचन वाचून दाखविणारा उपदेशक येशूच्या अधिकाराविषयी बोलतो तेव्हा काय ऐकू जाते?

पद नसलेला अधिकार या डोंगराळ मुलखाला अपरिचित नाही. शेजारच्या तळोदे तालुक्यातील रंजनपूरचे गुलाम महाराज यांनी भिल्ल समाजास दारू सोडावयास आणि परस्परांस ‘आप’ म्हणावयास शिकविले. 1938 साली त्यांचे निधन झाले. तथापि चळवळ त्यांच्या बंधूंनी, रामदास महाराजांनी, पुढे चालविली. ती ख्रिस्ती नव्हती, आणि तिला ख्रिस्ती वळण देऊन पाहणे अन्याय्य होईल. पण ‘एक्सूसिआ’ला भिलोरीत शब्द शोधणाऱ्याने कचेरीतल्या शब्दाकडे वळण्यापूर्वी गुलाम महाराजांसारख्या पुरुषाविषयी तेथील माणसे कोणत्या शब्दांत बोलतात ते आधी ऐकावे. रमाबाईंनी ग्रीकवरून मराठीत येताना सुलभतेचा जो आग्रह धरला, तो मराठीवरून भिलोरीत जातानाही धरावयास हवा.